सोबतीचा नियम

माझी सगळी नोकरी केंद्र सरकारात कायद्यांचे मसुदे लिहिण्यात गेली. कायदे संसदेत होतात असं लोकांना वाटतं, आणि होतातही. पण त्याआधी कुणीतरी एका खोलीत बसून एका कलमात ‘आणि’ ठेवायचं की ‘किंवा’ यावर अख्खी दुपार घालवलेली असते. ती मी. निवृत्त झाल्यावर सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तरी खोड गेली नाही. सोसायटीच्या लिफ्टमधली सूचना वाचतानाही मी तिच्यातली पळवाट शोधत असते. शेजारीण म्हणते, “आंटीजी, लिफ्ट ही तो है.” असेल बाई.

ही खोड लावली आमच्या पहिल्या साहेबांनी. कलम लिहून झालं की ते बदमाश होऊन वाचायचं, असा त्यांचा दंडक होता. आम्ही ते अक्षरशः करायचो. टेबलाभोवती तिघं-चौघं बसायचे, त्यातला एक बदमाश व्हायचा आणि कलमातून निसटून दाखवायचा. तो निसटला की मसुदा परत. बदमाश व्हायला बहुतेक वेळा मलाच बसवायचे. ते कौतुक होतं की आणखी काही, हे मी कधी विचारलं नाही.

नवरा विद्यापीठात कायदा शिकवायचा. त्यातही ‘कायदा म्हणजे मुळात काय’ हा त्याचा विषय, ज्याला परीक्षेतसुद्धा बरोबर उत्तर नसतं. मुनिरक्यात खोल्या घेऊन राहणारी त्याची वर्गातली मुलं रविवारी आमच्याकडे जेवायला यायची आणि पोळ्या संपेपर्यंत वाद घालायची. त्याचं म्हणणं असं, की नियमाचा अर्थ लावताना नीती बाजूला ठेवताच येत नाही. ठेवली असं म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर त्याला स्वतःचं कळत नाही. माझं म्हणणं, नीती चपलांसारखी दाराबाहेर काढावी आणि मग नियमापाशी यावं. कायदा चांगला की वाईट हा एक प्रश्न, कायदा काय म्हणतो हा दुसरा. वाईट असेल तर रीतसर बदला, पण वाचताना त्यात आपलं चांगुलपण कालवू नका. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्हाला भांडायला दुसरा मोठा विषय लागलाच नाही.

माझं हे मत पुस्तकातून आलेलं नाही. नवरा ख्रिस्ती, मिरजेकडचा. आमचं पुण्यातलं घर सोवळ्याओवळ्याचं. लग्न आम्ही दिल्लीत नोंदणी पद्धतीनं केलं. वडील फोनवर म्हणाले, “सह्या झाल्यात. लग्न झालेलं नाही.” पुढे कितीतरी वर्षं आमच्या नातेवाइकांत माझ्याबद्दल फक्त ‘दिल्लीला असते’ एवढंच सांगितलं जायचं. पण तो विवाह अधिकारी! कपाळावर हे एवढं गंध, आणि आमच्याबद्दल त्याचं काय मत आहे ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यानं वयं पाहिली, पत्ते पाहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि शिक्का मारला. त्याच्या मतानं कायद्याचा अर्थ लावला असता तर माझं लग्न झालं नसतं. तेव्हापासून नियम वाचताना नीती मध्ये आणणाऱ्या माणसाची मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मला राग येतो.

दक्षिण दिल्लीत आमच्या मराठी मंडळाची एक जुनी इमारत आहे. खाली सभागृह, कचेरी आणि जेवणघर, वर राहायच्या खोल्या. मोठं सरकारी हॉस्पिटल तिथून ऑटोनं जवळ. नागपूरकडून एका गाडीत बसलं की माणूस थेट दिल्लीत उतरतो, त्यामुळे विदर्भातले पेशंट बरेच येतात. खोल्या स्वस्त असल्यामुळे मध्यंतरी दलालांचा सुळसुळाट झाला होता. कुठल्यातरी पेशंटच्या सोबतीला म्हणून नाव लावायचं, महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचा आणि इतर पेशंटना ‘डॉक्टर गाठून देतो’ म्हणून लुबाडायचं. मंडळानं मला नियम लिहायला सांगितला.

मी लिहिला. रुग्णासोबत एकच व्यक्ती राहील, व ती रुग्णाशी रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्याने संबंधित असेल. बदमाश होऊन पुन्हा पुन्हा वाचला. एकही दलाल त्यातून निसटत नव्हता. शिवाय एक ओळ पुढे जोडली: नियमाच्या अर्थाबद्दल वाद झाल्यास नियम समितीच्या अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील. अध्यक्ष मीच होते. हे लिहिताना मला काहीही वावगं वाटलं नाही.

थंडी ओसरता ओसरता भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून दोन बायका आल्या. थोरली साठीच्या पुढची, सुकलेली, पण आवाज खणखणीत. तिला पोटात कर्करोग होता आणि रोज सकाळी किरणांच्या उपचाराला न्यावं लागायचं. ती त्याला ‘शेक’ म्हणायची. धाकटी पन्नाशीची, रुंद खांद्यांची, विचारल्याशिवाय न बोलणारी. मंडळाच्या व्यवस्थापकानं किल्ली देताना विचारलं, “नातं काय?” धाकटी म्हणाली, “घरचीच आहे मी.” व्यवस्थापकाला ते पुरलं.

आठवड्याभरानं जेवणघरात कुणीतरी थोरलीला सहज विचारलं, “बहीण का हो तुमची?”

“नाही जी. सवत,” ती म्हणाली आणि वरणात भात कालवायला लागली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खजिनदारांनी हरकत घेतली.

खजिनदारांबद्दल गैरसमज नको. ते माझ्यासारखेच केंद्र सरकारातून निवृत्त, हिशेबाच्या खात्यातून. रक्त लागलं तर स्वतः जाणार, पेशंट दगावला तर शववाहिका मिळवायला पहाटे उभे राहणार. दिल्लीत असा माणूस शोधून सापडत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मंडळ म्हणजे धर्मशाळा नाही, संस्था आहे. एका पुरुषाच्या दोन बायका, ही गोष्ट कायद्यानं गुन्हा आणि नीतीनं पाप. मंडळानं तिला नातं म्हणून खोली दिली तर उद्या आपण कशाकशावर शिक्कामोर्तब करणार?

सचिवाचा मला फोन आला. हा पुण्याचा, गुरुग्रामला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि मंडळाची कामं दोन मीटिंगांच्या मध्ये उरकणारा. “मॅडम, अरे यार, इतकं सीरियस काय करायचंय? बहीण म्हणून एंट्री करून टाकू. चलो, खतम.”

“ती बहीण आहे का?”

“मॅडम, प्लीज.”

“नाही ना? मग कशी करणार?”

“ठीक आहे, मग मुनिरक्यात खोली बघू त्यांना.”

मी म्हटलं, “मुनिरक्यातले जिने पाहिलेस? धडधाकट माणूस आडवा होऊन चढतो. ती बाई रोज शेक घेऊन चौथ्या मजल्यावर जाणार?” डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की मध्ये खंड पडला तर आजवरचं सगळं वाया जाईल. थोरलीला एकटीनं खाटेवरून उठताही येत नव्हतं. धाकटीला काढलं म्हणजे दोघींना काढलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्यावर मी एवढंच ठरवलं, की त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय काही ठरवायचं नाही. रविवारी शेकाला सुट्टी, तेव्हा सकाळी समिती बसेल. खजिनदारांनी ताबडतोब मान्य केलं. बिल्कुल, ऐकलंच पाहिजे, म्हणाले.

शनिवारी रात्री जेवताना घरी हा विषय निघणारच होता.

“सोपं आहे,” नवरा म्हणाला. “नियम कशासाठी केलास? दलाल घुसू नयेत म्हणून. ही बाई दलाल आहे का? नाही. संपलं.”

“मी कशासाठी केला हे नियमात लिहिलेलं नाही.”

“तू जिवंत आहेस की सांगायला.”

“लिहिणाऱ्याला विचारून नियम वाचायचा असेल तर लिहायचा कशाला? रोज सकाळी मला फोन करा आणि विचारा.”

त्यानं कोशिंबीर पुढे सरकवली. “अगं, पण एका आजारी बाईला तिची एकुलती एक सोबत तोडून परत पाठवायचं, हे कुठल्याही शहाण्या नियमाला अभिप्रेत असेल का? अर्थ लावताना एवढी तरी नीती लागते.”

“कुणाची? तुझी की खजिनदारांची? त्यांची नीती म्हणते हाकला, तुझी म्हणते ठेवा. दोघंही छातीवर हात ठेवून बोलताय. मी कुणाची नियमात घालू? आणि उद्या खजिनदार अध्यक्ष झाले तर? तेव्हा तुझी नीती कुठे जाईल?”

यावर त्यानं आणखी एक पोळी वाढून घेतली. मला वाटलं जिंकले. मग अगदी शांतपणे म्हणाला, “बरं. तू नीती न घालता कसा अर्थ लावणार आहेस?”

“विवाहाचं नातं म्हणजे कायदेशीर विवाहाचं. पहिली हयात असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याच्या लेखी झालेलंच नसतं.”

“ ‘कायदेशीर’ हा शब्द तुझ्या नियमात आहे?”

“तो गृहीत असतो.”

“अच्छा. कोण धरतं गृहीत?”

या माणसाचा मला कधीकधी मनापासून संताप येतो. मी ताट उचललं आणि म्हटलं, सगळ्या मसुद्यांत तो गृहीतच असतो, मी हे काम आयुष्यभर केलंय, तू फक्त शिकवलंयस. तो म्हणाला, “खरंय.” त्यानं तसं म्हटल्यावर तर झोपही नीट लागली नाही.

रविवारी कचेरीत आम्ही तिघं बसलो: मी, खजिनदार आणि सचिव. व्यवस्थापक दाराशी उभा होता. थोरलीला खरं तर बोलावलं नव्हतं, पण तिला वर एकटी ठेवायची कशी, म्हणून धाकटीनं तिलाही धरून आणलं आणि भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. तिच्या डोक्याला लोकरीचा रुमाल होता. येतानाच तिनं धाकटीला दोनदा झापलं, एकदा पाय भराभर टाकते म्हणून आणि एकदा हळू टाकते म्हणून.

खजिनदारांनी अगदी सौम्यपणे विचारलं, “बाई, तुमचं यांच्याशी नातं काय?”

धाकटीनं खाली बघत उत्तर दिलं, “बहीण आहे जी.”

हे शिकवलेलं आहे हे मला लगेच कळलं, कारण व्यवस्थापक एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. सचिवानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. बहीण म्हणाली, रक्ताचं नातं झालं, विषय मिटला. आयुष्यभर खोटं पकडण्यात मुरलेली मी, ते खोटं उचलून कागदावर ठेवायला तयार झाले होते.

“खोटं कायले बोलते?” बाकावरून आवाज आला. “सवत आहे ते माही. बहिणी मले तिघी आहेत, सख्ख्या. एकीची कंबर दुखते, एकीच्या घरी लगन आहे, आन्‌ एकीनं तं फोनच नाही उचलला. हे आली. हिले कायले बहीण म्हणू?”

धाकटीनं पदर तोंडाला लावला होता. ती लाजली होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, मला एक सांगा. तुमच्यावर सवत आणली. तुम्हाला काहीच वाटलं नाही? माझ्या थोरल्या बहिणीवर आणली होती. शेवटपर्यंत ती त्या घरात मोलकरणीसारखी राहिली. आम्ही भाऊ काही करू शकलो नाही. आज इथं बसून मी या नात्याला नातं म्हटलं, तर तिला काय तोंड दाखवू?” इतक्या वर्षांत मंडळात कुणाला हे ठाऊक नव्हतं.

थोरली त्यांच्याकडे वळली. “तुमच्या बहिणीचं लय वाईट झालं, भाऊ. माह्यं बी झालं. कोण म्हणते नाही झालं? मले लेकरू नाही म्हणून आणली हिले. किती वर्सं आमची चूल येगळी होती, इचारा. हिनं लावलेली तुळस मी उपटून फेकली होती एकडाव. मंग नवरा मेला. आता भांडायले घरात दुसरं हाये कोण?”

सचिव हसला, मग खजिनदारांकडे बघून त्यानं हसू आवरलं.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी जे ठरवून आले होते ते सांगितलं. नियमातलं विवाहाचं नातं म्हणजे कायद्यानं मान्य केलेल्या विवाहाचं नातं. पहिली पत्नी हयात असताना झालेलं दुसरं लग्न कायद्याच्या दृष्टीनं झालेलं नाही. म्हणून या बाई नियमात बसत नाहीत. यात कुणाच्या चांगल्या-वाईटाचा प्रश्न नाही. नियम बदलायचा असेल तर सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव आणावा. हे मी बऱ्यापैकी नीट बोलले. खजिनदार मान हलवत होते. ते नीतीच्या वाटेनं आले होते आणि मी नीती सोडून, आणि दोघं एकाच दारात उभे होतो. हे मला तेव्हाही जरा चमत्कारिक वाटलं.

मग मी थोरलीकडे वळले. “आता नियमाचं झालं. मी माझं सांगते. आमच्या गाझियाबादच्या घरात एक खोली रिकामी आहे. दोघी आमच्याकडे चला. उपचार पूर्ण होईपर्यंत राहा. गाडीनं हॉस्पिटलला सोडायची सोय करू. एक पैसा देऊ नका.”

मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. नियम नियमाच्या जागी, माणुसकी माणुसकीच्या जागी. नवऱ्यालाही यात बोट ठेवायला जागा नव्हती. सचिव म्हणाला, “मॅडम, ग्रेट!” खजिनदारांनीही हात जोडले.

थोरलीनं विचारलं, “लांब आहे का जी?”

“लांब आहे. पण गाडी देऊ ना.”

“लांबचं नाही म्हणत मी.” तिनं बाकावर हात टेकून अंग सावरलं. “इथं मी पैसे भरून राह्यते. खोली माही आहे, शेक होयेपावतर. शेक घेऊन आली का मी रडते, कण्हते, हिले शिव्या देते. कोणाच्या बापाचं भेव नाही मले. तुमच्या घरी मी पाहुणी. पाहुण्या माणसाले कण्हता येत नाही, बाई. तोंड दाबून पडा लागते. ते नाही होत आता माह्याच्यानं. त्याच्यापरीस गावाले जातो आमी.”

“अहो, पण उपचार अर्धवट टाकून?” सचिव म्हणाला.

“अर्धा तं अर्धा.”

तिनं हे कुणाला घाबरवायला म्हटलं नव्हतं, रागानंही नाही. धाकटीला म्हणाली, “उठ, सामान बांधाले घे.” आणि धाकटी खरंच उठली.

मला राग आला. पहिल्यांदा तिचा आला, एवढं करायला निघाले तर हिची ऐट बघा म्हणून. तो फार टिकला नाही. मग माझाच आला. मी तिला जे देत होते ते माझं होतं. मनात आलं म्हणून देत होते, उद्या मनात आलं तर काढून घेता आलं असतं. आणि जे काढून घेतलं होतं ते तिचं होतं. इतकी साधी गोष्ट मी लोकांना नोकरीभर समजावून सांगितली आहे. खात्यात नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, मेहेरबानी वेगळी आणि हक्क वेगळा. कायदा असतो तो माणसाला दुसऱ्याच्या चांगुलपणावर जगावं लागू नये म्हणून. त्या विवाह अधिकाऱ्यानं माझ्यावर मेहेरबानी केली नव्हती. केली असती तर मला ती नको होती.

“थांबा,” मी म्हटलं. “बसा खाली.”

धाकटी बसली नाही, पण थांबली.

“निर्णय बदलते आहे. या बाई विवाहाच्या नात्यानं संबंधित आहेत. नियमात बसतात. खोली त्यांची राहील.”

खजिनदारांनी चष्मा परत चढवला. “तुम्ही आत्ता याच्या बरोबर उलट सांगितलंत.”

“हो. ते चुकीचं होतं.”

“दोन मिनिटांत? हा काय पोरखेळ आहे?” ते चिडले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. “कारण लिहा. तुम्हीच सांगत असता, कारण दिल्याशिवाय निर्णय होत नाही.”

मी पेन घेतलं आणि लिहिलं: नियमात ‘विवाह’ हा शब्द आहे, ‘कायदेशीर’ हा शब्द नाही. जो शब्द नियमात नाही तो अर्थ लावताना समितीनं घालू नये. दोघींचा एकाच पुरुषाशी विवाह झाल्याचे थोरल्या बाई सांगतात व धाकट्या नाकारत नाहीत. सबब त्यांचे परस्परांशी नाते विवाहाने उत्पन्न झाले आहे.

वाचून दाखवलं. खजिनदार म्हणाले, “माझा विरोध नोंदवा.” मी त्यांच्याच शब्दांत नोंदवला. त्यावर सही करून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्या दोघींच्या खोलीतला बिघडलेला गीझर त्यांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला. माझ्याशी मात्र बरेच दिवस बोलले नाहीत. गीझरचं मला व्यवस्थापकाकडून कळलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसणार हे गृहीत होतं, आणि तो हसला.

“म्हणजे शेवटी नीतीच आली.”

“काही आली नाही. नियम नीट वाचला. आधी वाचला नव्हता.”

“आणि नीट का वाचलास?”

“हे बघ, हसू नकोस.”

पण त्याचा प्रश्न खरा होता. मी कागदावर लिहिलेलं कारण शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही न्यायाधीशापुढे ते मी आजही मांडेन. फक्त, मी त्या कारणानं तिथे पोचले नव्हते. आधी पोचले आणि मग कारण शोधलं, आणि ते मिळालं कारण ते तिथे होतं. नवरा म्हणतो, सगळे असंच करतात, तू पहिल्यांदा स्वतःला पकडलंस एवढंच. असेलही. माझी भीती मात्र कमी झालेली नाही. उद्या दुसऱ्या कुणाला दुसरंच काही मनात आधी पटेल, आणि त्यालाही नियमात तितकंच खरं कारण सापडेल. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नवऱ्याकडेही नाही, पण त्याला उत्तर नसण्याची सवय आहे, मला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मंडळाच्या वाचनालयाच्या कामासाठी मी दुपारी तिकडे गेले होते. सभागृहात शिरतानाच वरून आवाज आला. लांबलचक कण्हणं, मग थोडं थांबून पुन्हा, आणि मग खणखणीत शब्दांत, “हळू लाव ना वं ते मलम, मेले! जीव घेते का माहा?” धाकटी काहीतरी पुटपुटली. त्यावर आणखी एक शिवी आली, ती मी इथे लिहीत नाही. मग परत कण्हणं, सगळ्या जिन्यात ऐकू जाईल असं.

व्यवस्थापक माझ्याकडे आला. बिचारा अवघडला होता. “मॅडम, शेजारच्या खोलीतले तक्रार करतात. रोज दुपारी हे असं चालतं. आपला शांततेचा नियम आहे ना, तो लावायचा का?”

“काय म्हणतो तो नियम?”

“रात्री दहानंतर खोलीत मोठा आवाज करू नये.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

“मग आत्ता काय तक्रार आहे?” मी म्हटलं. “ओरडू दे तिला.”